सिझरच्या स्पायनलमध्ये बीपी पडू नये म्हणून सलाईन: किती, कधी आणि कुठलं

तुम्ही विचारलंय की सिझरच्या प्रत्येक पेशंटला स्पायनलच्या (कमरेतून द्यायच्या भुलीच्या) आधी एक लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट) देऊनही बऱ्याच जणींचं बीपी पडतंच, मग हे सलाईन कमी पडतंय का, दीड-दोन लिटर करायचं का, की सरळ कोलॉइड (मोठ्या रेणूंचं, रक्तवाहिनीत टिकणारं द्रव्य) लावायचं. आणि जाता जाता हेही लिहिलंय की तुमच्याकडे बाटली पूर्ण आत गेल्याशिवाय पेशंटला स्पायनलसाठी बसवायचंच नाही अशी पद्धत आहे. मला वाटतं तुमच्या प्रश्नापेक्षा ही शेवटची ओळ जास्त महत्त्वाची आहे.

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. सलाईन कमी पडत नाहीये, ते चुकीच्या वेळी जातंय. आणि जे काम सलाईनने होण्यासारखं नाही ते आपण त्याच्याकडून करून घ्यायला बघतोय. स्पायनलच्या आधी अर्धा तास घालवून दिलेलं क्रिस्टलॉइड (आरएलसारखं साधं क्षारांचं सलाईन) जवळजवळ वाया जातं, तेच सलाईन सीएसएफ (मणक्यातलं पाणी) दिसल्याच्या क्षणापासून पुढच्या दहा मिनिटांत जोरात दिलं तर उपयोगी पडतं, आणि त्याच्या जोडीला पहिल्या मिनिटापासून फिनाइलएफ्रिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वर ठेवणारं औषध) असेल तर बीपी पडण्याचं प्रमाण खरोखर खूप खाली येतं. नुसत्या सलाईनवर अवलंबून राहायचे दिवस केव्हाच संपले.

आता हे असं का, तर स्पायनलमध्ये रक्त कुठे जात नाही, रक्तवाहिन्या उघडतात. सिझरला आपल्याला ब्लॉक (बधिरपणा) टी फोरपर्यंत (छातीच्या चौथ्या नसेपर्यंत) लागतो, म्हणजे स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत, आणि सिम्पथेटिक नसा (रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या) निघतात टी वन ते एल टू मधून, त्यातही सिम्पथेटिक ब्लॉक हा सेन्सरी (संवेदनांच्या) ब्लॉकच्या दोन-तीन सेगमेंट वरच असतो, म्हणजे चांगला बसलेला सिझरचा स्पायनल म्हणजे जवळजवळ पूर्ण सिम्पथेटिक ब्लॉक. धमन्या सैल पडल्या की रेझिस्टन्स (रक्तप्रवाहाला होणारा अडथळा) एकदम उतरतो, शिरा सैल पडल्या की त्यांच्यात रक्त साठून राहतं (शरीरातलं साधारण दोन तृतीयांश रक्त एरवीही शिरांमध्येच असतं), आणि ब्लॉक टी वन ते टी फोरला पोचला तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसाही गेल्या, मग बीपीबरोबर पल्सही खाली येते. त्यावर भरलेलं गर्भाशय इन्फिरिअर व्हेना केव्हावर (खालच्या शरीरातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर) बसलेलं. कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं ते) सतत मोजून जे अभ्यास झाले त्यात दिसलं की सुरुवातीच्या मिनिटांत मुख्य गडबड रेझिस्टन्स उतरण्याची असते, आउटपुट तर बऱ्याचदा थोडा वाढलेलाच असतो. म्हणजे पहिला मार बसतो तो धमन्यांवर, आणि त्यावरचा इलाज पाण्यात नाही, फिनाइलएफ्रिनसारख्या अल्फा अ‍ॅगोनिस्टमध्ये आहे. पाण्याचं काम दुसरं, शिरांची जी वाढलेली जागा आहे ती थोडीफार भरून हृदयाकडे परत येणारं रक्त टिकवायचं.

प्रीलोडची, म्हणजे स्पायनलच्या आधीच सलाईन भरण्याची, पद्धत आली कुठून तेही सांगते, कारण आपल्या जुन्या सरांनी ती उगाच शिकवलेली नाही. १९६८ मध्ये वोलमन आणि मार्क्स यांनी दाखवलं की स्पायनलच्या आधी सलाईन दिलं तर प्रसूतीच्या पेशंटमध्ये बीपी पडत नाही, अभ्यास अगदी छोटा होता पण जगभर तो नियम झाला, पाठ्यपुस्तकात गेला, आपल्याकडे परीक्षेत गेला. मग १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या राउट वगैरेंनी नीट तुलना केली, एका गटाला किलोमागे २० मिली क्रिस्टलॉइड आधीच दिलं आणि दुसऱ्याला काहीच नाही, बीपी पडण्याचं प्रमाण आलं ५५ टक्के आणि ७१ टक्के. फरक आहे, पण सलाईन देऊनही निम्म्याहून जास्त जणींचं बीपी पडलंच ना. तुम्हाला तुमच्या ओटीत जे दिसतंय ते अगदी हेच आहे, तुमचं काही चुकत नाहीये.

१९९९ चा उएयामा यांचा जपानमधला अभ्यास मी प्रत्येक निवासी डॉक्टरला वाचायला सांगते, कारण त्यात 'का' चं उत्तर आहे. त्यांनी दीड लिटर रिंगर लॅक्टेट दिलं आणि रक्ताचं आकारमान मोजलं, तर अर्ध्या तासाने त्यातलं फक्त २८ टक्के रक्तवाहिन्यांत शिल्लक होतं. बाकी सगळं टिश्यूत उतरलं. भोकाच्या घागरीत पाणी भरून विहिरीपासून घरापर्यंत चालत यायचं तसंच हे, जितका वेळ जास्त तितकं कमी उरणार. त्याच अभ्यासात बीपी पडण्याचं प्रमाण होतं रिंगर लॅक्टेटच्या गटात ७५ टक्के, अर्धा लिटर हेटास्टार्चच्या (स्टार्चपासून केलेल्या कोलॉइडच्या) गटात ५८ आणि एक लिटर स्टार्चच्या गटात १७ टक्के, गट लहान होते पण दिशा स्पष्ट आहे: जे रक्तवाहिनीत टिकतं ते कामाला येतं. तेव्हा दीड लिटरचे दोन लिटर करून काही साधणार नाही, फक्त लघवीची पिशवी लवकर भरेल, हिमोग्लोबिन आणखी पातळ होईल (आपल्याकडे निम्म्या बायका आधीच ॲनिमिक असतात) आणि दुसऱ्या दिवशी पायावर सूज दिसेल.

मग लोकांनी विचार केला की पाणी आत राहत नसेल तर ते नेमकं हवं त्याच वेळी द्या. याला कोलोड म्हणतात. इंट्राथिकल (मणक्यातलं) औषध आत जातंय त्याच वेळी रोलर (सलाईनचा वेग कमी-जास्त करायचं चाक) पूर्ण सोडायचा आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांत, म्हणजे ब्लॉक चढत असताना, अर्धा ते एक लिटर आत घालायचं. हाँगकाँगच्या न्गान की यांचा २००५ चा अभ्यास या बाबतीत मला सगळ्यात पटणारा वाटतो. दोन्ही गटांना फिनाइलएफ्रिनचं इन्फ्युजन होतंच, फरक फक्त सलाईनचा, एका गटाला स्पायनलबरोबर जोरात क्रिस्टलॉइड, जास्तीत जास्त दोन लिटरपर्यंत, आणि दुसऱ्याला फक्त लाइन चालू राहण्यापुरतं. बीपी पडलं पहिल्या गटात ५३ मधल्या एकीचं, म्हणजे १.९ टक्के, आणि दुसऱ्या गटात २८.३ टक्के. याचा अर्थ 'मग सलाईनला काही अर्थ आहे का' याचं उत्तर हो असं आहे, अर्थ आहे, पण वेळेवर दिलं आणि व्हॅसोप्रेसरच्या (बीपी वाढवणाऱ्या औषधाच्या) जोडीला दिलं तर. तिथले लोक दोन लिटरपर्यंत घालत होते, मी एवढं घालत नाही, साधारण १० ते १५ मिली प्रति किलो, म्हणजे आपल्या ५५-६० किलोच्या बाईला ६०० ते ९०० मिली, आणि बाळ बाहेर येईपर्यंत तेवढ्यावर थांबते.

कोलॉइडचं काय, तर ते आधी दिलं तरी चालतं, कारण ते टिकतं. फ्रान्समधल्या मर्सिए यांच्या २०१४ च्या अभ्यासात अर्धा लिटर स्टार्च आणि अर्धा लिटर आरएल असं आधी दिल्यावर बीपी पडण्याचं प्रमाण ३६.६ टक्के आलं आणि नुसतं एक लिटर आरएल दिल्यावर ५५.३ टक्के. पण तरी मी सिझरला नेहमीसाठी स्टार्च वापरत नाही आणि तुम्हीही सुरू करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आयसीयूतल्या पेशंटमध्ये किडनीवर झालेले परिणाम बघून २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे इशारे आले, २०२२ मध्ये तर युरोपियन युनियनमध्ये त्याची परवानगीच स्थगित झाली. आता कोणी म्हणेल निरोगी तरुण बाईला एक बाटली दिली तर काय होतंय, खरंय, बहुधा काही होणार नाही, पण फिनाइलएफ्रिनने जे काम थोड्या पैशात होतंय त्यासाठी रक्त गोठण्यावर परिणाम करणारं आणि अ‍ॅलर्जीची भीती असलेलं द्रव्य कशाला घालायचं. जिलेटिनवाल्या बाटल्यांचंही तसंच, त्यांच्या अ‍ॅनाफिलॅक्सिसची भीती मला जास्त वाटते, कारण स्पायनलच्या पहिल्या दहा मिनिटांत अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला तर तो ओळखणार कसा, बीपी तर तसंही पडतच असतं.

क्रिस्टलॉइडमध्ये आरएल किंवा तसं कुठलंही बॅलन्स्ड चालेल, एनएसही (नॉर्मल सलाईन) अडचणीला चालतं. पण डेक्स्ट्रोजवालं (साखरेचं) नको. हे मुद्दाम लिहितेय कारण लेबर रूममधून पेशंट येते तेव्हा बऱ्याचदा हाताला डीएनएस (डेक्स्ट्रोज मिसळलेलं सलाईन) लावलेलं असतं आणि आपण घाईत तीच बाटली फुल्ल सोडतो. आईच्या रक्तात साखर वाढली की बाळाच्या रक्तात वाढते, बाळाचं इन्सुलिन वाढतं, नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा बंद पण इन्सुलिन तसंच, आणि बाळ हायपोग्लायसेमियात जातं. बाटली बदलायला अर्धा मिनिट लागतो.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय करायचं ते बोलू, कारण माझ्या अनुभवात कोलोड फसतो तो इथे फसतो, पुस्तकात नाही.

पहिली गोष्ट इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत लावायची सुई. गुलाबी म्हणजे २० नंबरमधून कोलोड होत नाही. पाकिटावर गुलाबीला मिनिटाला ६० मिलीच्या आसपास आणि हिरव्याला, म्हणजे १८ नंबरला, ९० मिलीच्या आसपास छापलेलं असतं, पण ते आदर्श परिस्थितीतलं, सेटची लांबी, थ्री वे, लांब एक्स्टेन्शन, मनगटाजवळ वाकलेली सुई या सगळ्यात प्रत्यक्षात बरंच कमी होतं. नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर प्रवाह अवलंबून असतो, त्यामुळे थोडी जाड सुई म्हणजे खूप जास्त प्रवाह. सिझरला १८ नंबर, शक्यतो हाताच्या वरच्या भागावर, सांध्यावर नको. तशीही सिझरच्या पेशंटला कधी पीपीएच (बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव) होईल सांगता येत नाही, तेव्हा जाड सुई लावलेली असणं हे बीपीपुरतं नाहीच.

दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की कोणी लक्ष देत नाही, बीपीचा कफ आणि सलाईन एकाच हाताला लावलेलं असतं. आपण पहिल्या दहा मिनिटांत दर मिनिटाला बीपी घेणार, म्हणजे दर मिनिटाला कफ फुगणार आणि तेवढा वेळ सलाईन बंद, फिनाइलएफ्रिनही बंद, मग कफ सुटला की साठलेलं सगळं एकदम आत. कोलोडही गेला आणि बीपीही वरखाली नाचतं. कफ दुसऱ्या हाताला, कायम.

तिसरी गोष्ट, रोलर कोण सोडणार हे आधी ठरलेलं हवं. तुम्ही पाठीमागे निर्जंतुक हातमोज्यात, सुई आत, तुम्हाला हात लावता येत नाही. मामा (वॉर्डबॉय) पेशंटचे खांदे धरून उभे, सिस्टर ट्रॉली लावतायत, आणि औषध देऊन पेशंटला आडवं करून हातमोजे काढून तुम्ही समोर येईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेलेली असतात, नेमकी तीच दोन-तीन मिनिटं हवी होती. मी सीएसएफ दिसला की मोठ्याने सांगते, 'सिस्टर, फुल्ल सोडा', आणि हे वाक्य येणार आहे ते त्यांना पेशंट बसवायच्या आधीच सांगून ठेवते. स्टँड होईल तेवढा उंच. प्रेशर बॅग असेल आणि मऊ पिशवीतलं सलाईन असेल तर उत्तम. पण कडक प्लॅस्टिकच्या बाटलीत वरून सुई टोचून सिरिंजने हवा भरून प्रेशर देण्याची जी पद्धत काही ठिकाणी अजून दिसते ती कृपा करून बंद करा, बाटली संपली आणि कोणाचं लक्ष नसलं तर ती सगळी दाबाखालची हवा शिरेत जाते आणि एअर एम्बोलिझमने पेशंट जाऊ शकते. प्रवाह कमी पडत असेल तर दुसरी लाइन घ्या.

आता व्हॅसोप्रेसर. २०१८ मध्ये भूलतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सिझरच्या स्पायनलबद्दल एकमताने जी निवेदनं काढली त्यात सांगितलंय की सिस्टोलिक (वरचं बीपी) मूळ बीपीच्या ९० टक्क्यांवर ठेवायचा प्रयत्न करा आणि ८० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका, आणि त्यासाठी फिनाइलएफ्रिन बीपी पडायच्या आधीच सुरू करा, मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅमने. म्हणजे मूळ सिस्टोलिक १२० असेल तर १०८ च्या खाली आलं की हात हलवायचा, ९६ ही शेवटची रेघ. आपल्याकडे अजून बरेच जण ९० ची वाट बघतात, ते फार उशिराचं आहे, कारण गर्भाशयाच्या रक्तपुरवठ्याला स्वतःचं नियंत्रण नसतं, आईचं बीपी उतरलं की तो त्या प्रमाणात उतरतो. आणि मूळ बीपी म्हणजे टेबलावर घाबरलेल्या अवस्थेत घेतलेलं पहिलं रीडिंग नव्हे, वॉर्डातली दोन-तीन रीडिंग बघा.

फिनाइलएफ्रिनची अ‍ॅम्प्युल १० मिलिग्रॅमची येते, म्हणजे एका बोलसच्या (एकदम द्यायच्या डोसच्या) शंभरपट, त्यामुळे डायल्यूशनमध्ये घाई करू नका. १० मिलिग्रॅम १०० मिली एनएसमध्ये घाला, झाले एका मिलीत १०० मायक्रोग्रॅम, बाटलीवर आणि सिरिंजवर मोठ्या अक्षरात लेबल. सिरिंज पंप असेल तर तासाला ३० मिलीने ५० मायक्रोग्रॅम प्रति मिनिट मिळतात. पंप नसेल तरी अडत नाही, लहान मुलांचा ब्युरेटवाला मायक्रोड्रिप सेट घ्या, त्यात ६० थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला ३० थेंब सोडले की तेच ५० मायक्रोग्रॅम. फक्त ब्युरेटमध्ये एका वेळी १० मिलीच भरा, म्हणजे चुकून रोलर सुटला तरी सगळी बाटली आत जाणार नाही, आणि हे इंट्राकॅथच्या अगदी जवळ जोडा, मुख्य सलाईनच्या वर कुठेतरी नको. तेवढंही जमत नसेल तर सिरिंज भरून हातात ठेवा आणि बीपी ९० टक्क्यांच्या खाली जायला लागलं की ५० ते १०० मायक्रोग्रॅमचे बोलस.

पल्सकडे लक्ष हवंच. फिनाइलएफ्रिनने बीपी वर आणि पल्स ५५ आली तर घाबरून अ‍ॅट्रोपिन देऊ नका, ती रिफ्लेक्स आहे, इन्फ्युजन थांबवा, दोन मिनिटांत पल्स येते, त्यावेळी अ‍ॅट्रोपिन दिलं तर बीपी एकदम १८० ला जाऊ शकतं. पण बीपी खाली आणि पल्सही खाली असेल तर चित्र वेगळं, तिथे ब्लॉक वर चढलाय किंवा हृदयाकडे रक्त परतच येत नाहीये, तिथे एफेड्रिन किंवा मेफेंटरमिन (बीपी आणि पल्स दोन्ही वाढवणारी औषधं), गरज लागली तर अ‍ॅट्रोपिन ०.६, पाय वर, आणि गर्भाशय डावीकडे ढकला. तिथे नुसत्या फिनाइलएफ्रिनचे डोस देत बसू नका.

मेफेंटरमिनबद्दल विचारणार हे गृहीत धरते, कारण आपल्या जिल्ह्या-तालुक्यात तेच सगळीकडे मिळतं आणि वर्षानुवर्षं त्यावर हजारो सिझर सुखरूप झालेत. ३० मिलिग्रॅम प्रति मिलीवाल्या व्हायलमधून एक मिली घेऊन दहाला न्या, एका मिलीत ३ मिलिग्रॅम, ३ ते ६ चे बोलस. चालतं, वाईट नाही, पण त्याचं काम बरंचसं अप्रत्यक्ष असल्यामुळे परत परत दिलं की परिणाम कमी होत जातो आणि पल्स वाढत जाते. त्याच्या जवळच्या एफेड्रिनबद्दल तर नीट सिद्ध झालंय की ते नाळेतून बाळाकडे जातं आणि बाळाच्या रक्तातली आम्लता वाढवतं, म्हणून जगभर फिनाइलएफ्रिन पुढे आलं. नॉरअ‍ॅड्रेनलिनही छान आहे, पल्स इतकी पाडत नाही, ५ ते ८ मायक्रोग्रॅमचा बोलस, पण डायल्यूशन पक्कं जमल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

सलाईन आणि औषधाशिवाय ज्या गोष्टींना पैसे लागत नाहीत त्या आधी. उजव्या कुल्ह्याखाली उशी किंवा घडी केलेली चादर, टेबल डावीकडे कललेलं. एमआरआयमध्ये बघितलं तेव्हा १५ अंशाने व्हेना केव्हा फारशी मोकळी होत नाही, ३० अंश लागतात असं दिसलं, आणि ३० अंश कललेल्या टेबलावर सर्जन काम करू देणार नाही, म्हणून मी उशी ठेवतेच पण बीपी रेंगाळलं तर मावशींना हाताने पोट डावीकडे धरायला सांगते, लगेच फरक दिसतो. डोकं खाली करू नका, हेवी ब्युपिव्हाकेन वर चढेल, नुसते पाय उचला. डोस विचार करून द्या, बुटक्या बाईला सवयीने २.२ मिली हेवी भरायचं कारण नाही, ८ ते १० मिलिग्रॅम आणि १०-२० मायक्रोग्रॅम फेंटानिल यात बहुतेक सिझर आरामात होतात. ओंडान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम स्पायनलच्या पाच मिनिटं आधी, उलटीसाठीही आणि बीपीलाही थोडी मदत होते.

आणि उपास. नियोजित सिझरला आदल्या रात्री दहापासून तोंडाला पाणी नाही, आणि नंबर लागतो दुपारी एकला, मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात अशी बाई टेबलावर येते तेव्हा ती खरंच सुकलेली असते. तिला आधी सलाईन हवंच, पण ते प्रीलोड नव्हे, ती तूट भरणं आहे. खरा उपाय म्हणजे साधं पाणी दोन तास आधीपर्यंत पिऊ देणं, जे आता सगळीकडे मान्य आहे, जेवण सहा-आठ तास आधी बंद केलं म्हणजे झालं. वॉर्डातल्या सिस्टरांशी एकदा बसून हे बोला, त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं.

पेशंट काय म्हणते ते ऐका. बीपीचं मशीन दाखवायच्या आधी ती सांगते, 'मॅडम, मळमळतंय', जांभई देते, चेहरा पांढरा पडतो, 'कसंतरी होतंय' म्हणते. स्पायनलनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत मळमळ म्हणजे बीपी पडलंय असंच समजायचं, अ‍ॅन्टीइमेटिकच्या आधी हात फिनाइलएफ्रिनकडे. तिच्याशी बोलत राहा, हात दाबायला सांगा, आवाज बारीक झाला किंवा पकड सैल झाली तर ब्लॉक वर चाललाय.

बाळ बाहेर आल्यावर हिशोब बदलतो हे मात्र लक्षात ठेवा. आधी बीपी पडलं तर रक्तवाहिन्या सैल, उपाय व्हॅसोप्रेसर. बाळ आल्यावर बीपी पडलं तर पहिलं रक्तस्राव शोधा, सक्शनच्या बाटलीत बघा, मॉप बघा, योनीमार्गातून किती जातंय बघा, तिथे सलाईन आणि रक्त हाच उपाय आहे आणि फिनाइलएफ्रिनने बीपीचा आकडा सजवत बसलं तर पेशंट हातातून जाते. दुसरं कारण ऑक्सिटोसिन. १० युनिटचा एकदम बोलस दिला की रक्तवाहिन्या पुन्हा सैल पडतात, पल्स १३०, बीपी ७०. सर्जन कितीही घाई करू देत, ३ युनिट सावकाश, मग ड्रिप.

आता तुमच्या त्या पद्धतीबद्दल, बाटली संपेपर्यंत थांबायचं. नियोजित केसमध्ये फक्त वेळ जातो, पण फीटल डिस्ट्रेसमध्ये बाळाचे ठोके ८०-९० वर आलेत आणि आपण सलाईन संपायची वाट बघतोय हे कुठल्याही पुस्तकात बसत नाही. प्रीलोडसाठी स्पायनल थांबवायची गरज नाही हे तुमच्या सर्जनना शांतपणे, ओटीच्या बाहेर, समजावून सांगा, वर दिलेले आकडे दाखवा, आणि मग पुढच्या काही केसेसमध्ये कोलोड आणि फिनाइलएफ्रिन करून त्यांच्यासमोर बीपीचा चार्ट ठेवा. सर्जन आकड्यांपेक्षा स्वतःच्या टेबलावर उलटी न करणाऱ्या पेशंटवर जास्त विश्वास ठेवतात. एक अपवाद मात्र पक्का, पेशंट आधीच रक्त जाऊन खाली आलेली असेल, अब्रप्शन (वार आधीच सुटणं) असेल, प्रीव्हियाचा (वार खाली असण्याचा) मोठा रक्तस्राव असेल, तर तिथे सलाईन देऊन स्पायनल असा विचारच नको, तिला रक्त आणि जनरल अ‍ॅनेस्थेशिया.

ज्यांना हे सगळं जसंच्या तसं लावायचं नाही त्या दोन प्रकारच्या पेशंटबद्दल लिहून थांबते. प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणातला बीपी वाढण्याचा आजार) असेल तर कोलोड अगदी जपून, कारण त्यांच्या केशवाहिन्या गळक्या असतात आणि लंग्जमध्ये पाणी भरायला वेळ लागत नाही. गंमत नाही, खरंच बघितलंय, की त्यांचं बीपी स्पायनलने निरोगी बायकांपेक्षा कमीच पडतं, अभ्यासातही तसंच आलंय. त्यांना मी २००-३०० मिलीच्या पुढे जात नाही, एकूण सलाईन तासाला ८० मिलीच्या हिशोबात ठेवते आणि फिनाइलएफ्रिन सुरुवातीलाच चालू न करता लहान बोलसवर भागवते. आणि दुसरा प्रकार हृदयाचा. आपल्याकडे रुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) अजून दिसतो, कित्येकदा पहिल्यांदा गरोदरपणातच धाप लागून कळतो, तेव्हा प्रत्येक सिझरच्या आधी छातीला स्टेथोस्कोप लावा, रात्री झोपताना किती उशा लागतात विचारा. अशा पेशंटला सिंगल शॉट स्पायनल आणि फुल्ल सोडलेलं सलाईन ही जोडी घातक आहे, रेझिस्टन्स उतरला तर ती सहन करत नाही आणि पाणी वाढलं तर पल्मोनरी एडेमा, आणि बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आकसतं तेव्हा तिथलं रक्त परत येऊन आणखी भर पडते. ती केस हळूहळू चढवलेल्या एपिड्युरलची (पाठीतल्या बारीक नळीतून थोडी थोडी द्यायच्या भुलीची) आहे, जिथे हृदयरोगतज्ज्ञ आणि आयसीयू आहे अशा ठिकाणची आहे, वेळ असेल तर आदल्या दिवशीच तिथे पाठवा.